ब्लॉकवरचा वारा

(दृश्य: मे महिन्यातली दुपार. बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढणारी १०० सीसीची मोटारसायकल. मागे दोघं, टाकीवर पिशवी.)

वैशाखात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ वर गेला की प्रत्येक टपरीवर एक वाक्य ऐकू येतं: ‘उन्हानं गाडी तापली.’ दोष सरळ उन्हाच्या नावावर. ऊन निर्दोष नाही, पण त्याचा वाटा किती, ते आधी मोजून घेऊ.

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलची जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा ताकद कामी येते. बाकी सगळी उष्णता. तिच्यातली बरीच सायलेन्सरमधून निघून जाते आणि उरलेली ब्लॉक (ज्यात पिस्टन सरकतो) आणि हेड (त्यावरचं झाकण) यांच्या धातूत शिरते. कारमध्ये ही उष्णता पाणी उचलतं, पुढे रेडिएटर असतो, पंखा असतो. आपल्या साध्या गाडीकडे यातलं काही नाही. आहेत त्या ब्लॉक-हेडवरच्या पात्या, म्हणजे फिन्स, आणि आत फिरणारं साधारण लिटरभर ऑईल.

(दृश्य: गॅरेज. हेडवरच्या पात्यांवरून फिरणारं मिस्तरीचं बोट.)

समजा, पात्या १८० अंशांवर आहेत. हिवाळ्यात बाहेर २५ अंश असतील, तर फरक १५५ चा. मे महिन्यात बाहेर ४३, म्हणजे फरक १३७ चा. उष्णता या फरकाच्या जोरावर बाहेर पडते. तो १२ टक्क्यांच्या आसपास घटला. उन्हाचा वाटा एवढा.

आता वाऱ्याचा हिशेब. पात्यांवरून जाणाऱ्या वाऱ्याचा वेग निम्मा झाला, तर बाहेर पडणारी उष्णता साधारण तिसऱ्या हिश्श्यानं कमी होते. उन्हाळी दुपारी आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो. बीडहून परभणीकडे ताशी ४० नं निघालात आणि पाठीमागून २० चा वारा लागला, तर स्पीडोमीटर ४० दाखवेल. ब्लॉकला मिळेल २० चा वारा. स्वाराला हे कळतही नाही. उलट पाठीवर वारा आहे म्हणून गाडी हलकी चालते, माणूस खूश असतो. त्याच रस्त्यानं परत येताना वारा तोंडावर येतो, धूळ डोळ्यांत जाते, गाडी ओढल्यासारखी वाटते. मात्र पात्यांना या वेळी भरपूर वारा मिळत असतो.

घाटात दोन्ही बाजूंनी मार बसतो. ओझं वाढलं म्हणून पेट्रोल जास्त जळतं आणि वेग पडला म्हणून वारा कमी. त्यात आपली एक खास सवय: गाडी चौथ्या गिअरवर रडेपर्यंत गिअर पाडायचा नाही, कारण गिअर पाडला की ॲव्हरेज जातं! कमी फेऱ्यांवर पूर्ण एक्सलेटर पिळलं की पेट्रोल-हवेचं मिश्रण भलत्या वेळी पेटतं, हेडमधून खडखड ऐकू येते आणि पिस्टनचा माथा भाजतो. ती खडखड ऐकू आली की गिअर पाडायचा. इंजिन जरा मोठ्यानं ओरडेल, ओरडू द्या. दर स्फोटामागचा भार कमी होतो आणि ऑईलचा पंपही जोरात फिरतो.

(दृश्य: काळ्या रानातून येणारी पाणंद. चिखलानं माखलेलं इंजिन.)

मराठवाड्याची काळी माती ही या गोष्टीतली खरी खलनायिका. पेरणीच्या दिवसांत पाणंदीतून गाडी गेली की पुढचं चाक चिखल सरळ इंजिनावर फेकतं. १०० सीसीच्या कितीतरी गाड्यांचा सिलिंडर जवळजवळ आडवा, चाकाकडे तोंड करून असतो. हेड त्या माऱ्यात समोरच सापडतं. ही माती चिकट. दोन पात्यांमधली फट ती भरून काढते आणि पावसानं उघडीप दिली की तिथेच वाळून कडक होते. मग ऐन ऑक्टोबर हीटमध्ये गाडी गोधडी पांघरून पळत असते. बाहेरून धुतलेली गाडी चकाचक दिसते, पण ब्लॉकच्या मागच्या बाजूला, जिथे मुळात वारा कमी पोचतो, तिथे मातीचा थर तसाच असतो. जुना टूथब्रश किंवा बांबूची काडी घेऊन तो काढावा लागतो. इंजिन थंड असताना. खंडेनवमीला पूजेची घाई असते म्हणून रानातून आलेल्या गरम इंजिनावर थेट पाण्याचा पाइप धरतात, ते टाळा. तापलेल्या धातूवर गार पाणी पडलं की तो एका बाजूनं आकसतो आणि तडा जाण्याची भीती असते.

आता ऑईल. पात्या दिसतात, ऑईल दिसत नाही, म्हणून ते विसरलं जातं. लिटरभर ऑईलमधलं पावशेर जळून गेलं, तर तीच उष्णता पाऊण लिटरला वाहावी लागते. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावा, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबा आणि ऑईल मोजायची पट्टी पुसून बघा. कित्येक गाड्यांत ही पट्टी आट्यांत न फिरवता नुसती टेकवून बघायची असते. फिरवून घट्ट केली की ऑईल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. ग्रेड कंपनीच्या पुस्तकात लिहिलेला तोच. १०डब्ल्यू-३० सांगितलेल्या गाडीत ‘ऊन फार आहे’ म्हणून मनानं घट्ट ऑईल ओतण्यात शहाणपणा नाही.

क्लचची तार फार ताणलेली असेल तर क्लच घसरतो. तो याच ऑईलमध्ये बुडालेला असतो, त्यामुळे त्याची उष्णताही ऑईलच्याच डोक्यावर बसते. मागचं चाक उचलून न्यूट्रलमध्ये हातानं फिरवा. दोन फेऱ्यांत अडलं तर ब्रेक घासतोय किंवा चेन फार ताठ आहे; इंजिन विनाकारण राबतंय.

(दृश्य: गॅरेजचा बाक. पेट्रोलच्या वाटीत धुतले जाणारे कार्बोरेटरचे जेट.)

‘मिस्तरी, ॲव्हरेज काढून द्या.’ ही मागणी रोजची. जुन्या गाडीत पेट्रोल आणि हवा मिसळायचं काम कार्बोरेटर करतो; मिस्तरी त्याचा स्क्रू फिरवतो, पेट्रोल कमी आणि हवा जास्त होते. ॲव्हरेज थोडं वाढतं आणि हेड जास्त तापतं. त्यात आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. आपल्याच उसाचं म्हणून त्याचं कौतुक असलं, तरी इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या कार्बोरेटरचं मिश्रण आणखी पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. प्लग काढून बघा. टोक बिस्किटी रंगाचं असेल तर ठीक. पांढरं पडलं असेल तर ॲव्हरेजचा हट्ट सोडा. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत बहुतेक फ्युएल इंजेक्शन आहे, सेन्सर बघून पेट्रोलचं प्रमाण कॉम्प्युटर ठरवतो. तिथे हा स्क्रूच नाही.

रेल्वे गेट लागलं तर इंजिन बंद करा. उभ्या गाडीला वारा नाही. बंद केल्यावरही काही मिनिटं हेडची उष्णता कार्बोरेटरकडे सरकत राहते, आतलं पेट्रोल उकळू लागतं, आणि गेट उघडल्यावर दहा किका मारूनही गाडी घेत नाही. म्हणून गेट दिसताच शेवटचा किलोमीटर सावकाश या, आणि गाडी सावलीत, तोंड वाऱ्याकडे करून लावा.

एवढं करूनही चालत्या गाडीचा दम एकदम गेला, मागून कुणी ओढतंय असं वाटलं, तर पिस्टन पकडतोय, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकतोय. त्या क्षणी क्लच दाबा, नाहीतर मागचं चाक जाम होऊन गाडी आडवी होईल. कडेला घ्या, इंजिन बंद करा. पाणी ओतू नका, किक मारू नका. पात्यांजवळ हात नेता येईल इतकं इंजिन गार होऊ द्या, मग ऑईलची पट्टी बघा. पट्टी कोरडी निघाली तर गाडी ढकलत किंवा टेम्पोत घालून गॅरेजला न्या. ऑईल भरलेलं असेल आणि किक सहज खाली जात असेल, तर मागची सीट रिकामी करून तिसऱ्या गिअरवर, मिस्तरीच्या दारापर्यंत.