पेनीचा चतकोर

हे बघा, तळहातावर ठेवलंय. जेमतेम दोन सेंटीमीटरचं नाणं. एका बाजूला राजा, उलटं केलं की शेपटी वर करून उभा असलेला एक इवलासा पक्षी. त्याला रेन म्हणतात, ब्रिटनमधल्या सगळ्यात लहान पक्ष्यांपैकी एक, नाणं लहान म्हणून पक्षी पण लहान, लॉजिक सोपंय. १९३७ पासून तो या नाण्यावर आला. नाण्याचं नाव फार्दिंग.

फार्दिंग म्हणजे जुन्या इंग्लिशमध्ये चौथा हिस्सा. एका पेनीचे चार, पौंडाचे ९६० (तेव्हा पौंडाचे शिलिंग २०, शिलिंगचे पेन्स, म्हणजे पेनी, १२). आणि सुरुवातीला हे खरोखरच तुकडे होते बरं का! चांदीच्या पेनीच्या मागे क्रूस असायचा, सुट्टे हवे असले की त्या क्रूसाच्या रेघांवरनं नाणं सरळ कापायचं, भाकरीचे चतकोर करतो ना आपण, अगदी तसं. इंग्लंडमध्ये शेतात मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्यांना असले चांदीचे चतकोर अजून सापडतात.

मग १२७९ च्या सुमारास पहिल्या एडवर्ड राजाने गोल फार्दिंग पाडायला घेतलं, पण चांदीचं, म्हणजे इतकं बारीक की खिशात शोधत बसा. तांब्याचं आलं १६७२ मध्ये. त्यानंतर १६८४ ला कुणाच्या डोक्यात आलं काय माहीत, कथिलाचं काढलं, नकली ओळखता यावं म्हणून मधोमध तांब्याची खुंटी ठोकली, पण कथिलच खराब व्हायला लागलं आणि काही वर्षांत परत तांबं.

खरी मजा कापडवाल्यांनी केली. किंमत एक पौंड लिहायचीच नाही, १९ शिलिंग पावणेबारा पेन्स लिहायची! आपल्या ९९९ रुपयांचीच ट्रिक. आणि उरलेलं एक फार्दिंग परत द्यायच्या ऐवजी काही दुकानदार टाचण्यांचं पाकीट हातात टेकवायचे, जसं आपल्याकडे सुट्टे नाहीत म्हणून चॉकलेट मिळतं.

आपला संबंध पण आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुपयाचा भाव होता १ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे १६ पेन्स. रुपयाचे आणे १६, आण्याचे पैसे चार. करा हिशोब, एक आणा म्हणजे एक पेनी आणि आपला तांब्याचा पैसा म्हणजे बरोब्बर एक फार्दिंग.

शेवटची फार्दिंगं पाडली १९५६ ला, आणि ३१ डिसेंबर १९६० नंतर ती चलनातून बाद झाली. अर्धी पेनी मात्र १९६९ पर्यंत चालू होती.