कधी थांबायचे

(पडद्यावर: लुसैलची रात्र. विजेच्या झोतांत उजळलेला रस्ता. एक गाडी हळूहळू मंदावत कडेला सरकते.)

2 मार्च 2024 च्या रात्री, कतारमधील लुसैलच्या रस्त्यावर जवळजवळ दहा तास धावून झाल्यावर, दुसऱ्या क्रमांकावर असलेली प्यूजोची 93 क्रमांकाची गाडी शेवटच्या फेरीच्या तोंडावर मंदावली. इंजिन ठणठणीत होते, टायर शाबूत होते, चालकाकडून काही चूकही झाली नव्हती. फक्त इंधन संपले होते. मागून येणाऱ्या गाड्या एकेक करून पुढे निघून गेल्या आणि 1812 किलोमीटरच्या या शर्यतीत पहिली तिन्ही स्थाने पोर्शे बनावटीच्या गाड्यांनी पटकावली. प्यूजोने मध्ये एकदा काही क्षण अधिक थांबून थोडे इंधन घेतले असते तर दुसरा क्रमांक कदाचित टिकला नसता, पण हाती काहीतरी नक्की उरले असते.

जागतिक एन्ड्युरन्स, म्हणजे दीर्घ पल्ल्याच्या मोटार शर्यतींच्या, अजिंक्यपद स्पर्धेच्या 2024 च्या हंगामाची ही सुरुवात होती आणि पुढील आठ महिन्यांत, चार खंडांतील आठ शर्यतींत, हाच प्रश्न वेगवेगळ्या वेषांत पुन्हा पुन्हा समोर येत राहिला. गाडी इंधन-टायरसाठी आत, म्हणजे पिट लेन या थांब्याच्या मार्गावर, कधी बोलवायची आणि कधी धावू द्यायची?

(पडद्यावर: पिट लेन. इंधनाची जाड नळी गाडीला जोडली जाते. चालक उतरतो, दुसरा आत शिरतो.)

या स्पर्धेत एका गाडीला बहुतेक वेळा तीन चालक असतात आणि ते पाळीपाळीने चालवतात. सर्वांत वरच्या, हायपरकार नावाच्या वर्गात त्या वर्षी नऊ कंपन्यांच्या 19 गाड्या हंगामभरासाठी उतरल्या होत्या. त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, एलएमजीटी3 वर्गाच्या कमी वेगाच्या गाड्याही धावत असतात, त्यामुळे पुढच्या गाड्यांना जवळजवळ प्रत्येक फेरीत कोणाला तरी ओलांडावे लागते. हायपरकारने एका पाळीत, म्हणजे दोन थांब्यांच्या मधल्या काळात, किती ऊर्जा वापरायची यावर नियमाने मर्यादा घातलेली आहे. चाकांकडे जाणारी शक्ती मोजणारे संवेदक सतत हिशेब ठेवतात आणि उरलेली ऊर्जा टक्क्यांमध्ये पडद्यावर दिसत राहते. घरी बसून शर्यत पाहणाऱ्याने आघाडी किती सेकंदांची आहे यापेक्षा या टक्क्यांकडे नजर ठेवावी, असे माझे मत आहे. खरी गोष्ट तिथे आधी कळते.

एप्रिलमध्ये स्पर्धा इटलीत इमोलाला आली. पात्रता फेरीत पहिले तीन क्रमांक फेरारीच्या गाड्यांचे होते, आसपासच्या टेकड्यांवर लाल झेंडे घेतलेली गर्दी होती आणि कोरड्या रस्त्यावर त्या गाड्यांना अडवील असे कोणी दिसत नव्हते. मग पाऊस आला. तोही एकदम नाही. रस्त्याचा एक भाग ओला, दुसरा कोरडा, आणि ढगांकडे पाहून अंदाज बांधणारे अभियंते. खाचा नसलेले स्लिक टायर कोरड्या डांबराला घट्ट धरून ठेवतात, परंतु पाण्याला वाट देऊ शकत नाहीत. खाचांचे वेट टायर पाणी बाजूला सारतात, पण रस्ता वाळला की काही फेऱ्यांत झिजतात. टोयोटा आणि पोर्शे यांनी आपल्या गाड्या आत बोलावल्या. फेरारीने मात्र, सर येईल आणि जाईल, अशा हिशेबाने आपल्या गाड्या स्लिक टायरांवर बाहेरच ठेवल्या. सर गेली नाही. त्या गाड्या घसरत, चाचपडत, फेरीमागे कित्येक सेकंद गमावत राहिल्या आणि अखेर आत आल्या तेव्हा शर्यत हातातून गेली होती. कामुई कोबायाशीने मागून रेटणाऱ्या केविन एस्त्रच्या पोर्शेला थोपवून धरत टोयोटाची 7 क्रमांकाची गाडी सुमारे सात सेकंदांनी पहिली आणली.

पुढची शर्यत बेल्जियममधील स्पाची. तेथे फेरारीने काहीच चुकवले नाही, तरीही त्यांच्या पदरी तोटाच आला. शेवटचे दोन तास उरायला आले असताना केमेल नावाच्या लांब सरळ पट्ट्यावर एक कॅडिलॅक आणि एक बीएमडब्ल्यू एकमेकींवर आदळल्या, कडेचा लोखंडी कठडा मोडला आणि लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवावी लागली. कठड्याची दुरुस्ती सुरू असताना घड्याळ पुढे सरकत होते; नेहमीच्या पद्धतीने पाहता शर्यत तेथेच संपली असती आणि आघाडीवरच्या दोन फेरारी पहिल्या-दुसऱ्या ठरल्या असत्या. पंचांनी मात्र वाया गेलेला वेळ भरून देण्याचे ठरवले आणि ठरलेली वेळ उलटून गेल्यावर, संध्याकाळच्या उन्हात, शर्यत पुन्हा सुरू झाली. लाल झेंड्याच्या थोडेच आधी इंधन घेऊन गेलेल्या दोन पोर्शे आता फायद्यात होत्या, कारण फेरारींना इंधनासाठी थांबावे लागणार होते आणि पोर्शेंना इतक्यात नाही. जोटा या खासगी संघाच्या 12 क्रमांकाच्या पोर्शेतून विल स्टीव्हन्स आणि कॅलम आयलॉट जिंकले. कारखान्याच्या संघांना मागे टाकून खासगी संघाने हायपरकार वर्गात मिळवलेला हा पहिलाच विजय होता. पंचांचा निर्णय योग्य होता की नाही यावर अजूनही वाद घालता येतो. पैसे मोजून सहा तासांची शर्यत पाहायला आलेल्या प्रेक्षकाच्या बाजूने पाहिले तर तो मला योग्यच वाटतो.

(पडद्यावर: ल माँ. दुपार. आकाश ढगाळ. पुढे गाड्यांची लांबच लांब रांग.)

भारतात संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा फ्रान्समध्ये दुपारचे चार झालेले असतात आणि ल माँच्या 24 तासांना सुरुवात होते. 13.626 किलोमीटरच्या या रस्त्याचा मोठा भाग एरवी वाहतुकीसाठी खुला असलेला साधा सार्वजनिक रस्ता आहे. 1923 पासून भरणाऱ्या या शर्यतीत उतरलेला पहिला भारतीय चालक म्हणजे करुण चंधोक. 2012 मध्ये त्याची गाडी एकंदर सहावी आली होती. येथील विजेत्याला 50 गुण मिळतात, म्हणजे सहा तासांच्या शर्यतीच्या नेमके दुप्पट, त्यामुळे येथे चुकलेला निर्णय वर्षभर पाठ सोडत नाही.

15 जूनला सुरू झालेल्या या शर्यतीत रात्री इतका पाऊस पडला की पहाटेपूर्वीपासून चार तासांहून अधिक काळ सर्व गाड्या सेफ्टी कारच्या, म्हणजे धोका असताना पुढे राहून वेग रोखणाऱ्या गाडीच्या, मागे रांगेने फिरत राहिल्या. पाहणाऱ्यासाठी हा भाग कंटाळवाणा होता हे मान्य केले पाहिजे. पण या रांगेमुळे अंतरे मिटली आणि सकाळ झाली तेव्हा एकाच फेरीत असलेल्या गाड्यांची संख्या नेहमीपेक्षा खूप अधिक होती.

(पडद्यावर: 50 क्रमांकाची लाल फेरारी. उजव्या बाजूचे दार वाऱ्याने फडफडते.)

शेवटचे दोन तास सुरू होते. निकलस निल्सन 50 क्रमांकाची फेरारी चालवत होता आणि तिचे उजवीकडचे दार नीट बसलेले नव्हते. सरळ पट्ट्यावर वेग वाढला की ते दार वर उचलले जाई, वळणावर खाली येई आणि पुन्हा उचलले जाई. नियंत्रण कक्षाने काळ्या पार्श्वभूमीवर नारिंगी गोल असलेला झेंडा दाखवला. त्याचा अर्थ असा की गाडीत धोकादायक बिघाड आहे, आत या आणि दुरुस्त करा. निल्सन आत आला. पिट लेनमध्ये ताशी 60 किलोमीटरची मर्यादा असते, त्यामुळे आत येऊन बाहेर पडण्यातच मोठा वेळ जातो. शिवाय ही खेप ठरलेल्या वेळापत्रकात नव्हती. दार बंद करून तो परतला तेव्हा त्याच्या थांब्यांची सगळी गणिते बदललेली होती. आता शेवटपर्यंत आणखी एकच थांबा परवडणार होता आणि त्यानंतरची पाळी नेहमीपेक्षा लांबवावी लागणार होती.

त्याच्या मदतीला पाऊस आला. ओल्या रस्त्यावर सगळेच सावकाश चालवतात आणि सावकाश चालवले की ऊर्जा पुरते. त्याला गाठू पाहणाऱ्या 7 क्रमांकाच्या टोयोटात होसे मारिया लोपेस होता; सायकलवरून पडून जखमी झालेल्या माइक कॉनवेच्या जागी तो ऐनवेळी आलेला होता आणि त्याची गाडी पात्रता फेरीतील गोंधळामुळे 23 हायपरकारांत शेवटून सुटलेली होती. लोपेस जवळ येत होता, पण अखेरच्या टप्प्यात त्याचीही गाडी एकदा गरकन फिरली. दुसरी टोयोटा त्याआधीच पिअर गिदीच्या फेरारीच्या धक्क्याने मागे पडली होती. 311 फेऱ्यांनंतर निल्सनने रेषा ओलांडली तेव्हा त्याच्या खाती दोन टक्के ऊर्जा उरली होती आणि लोपेस 14.221 सेकंद मागे होता. अँटोनियो फ्युओको आणि मिगेल मोलिना हे त्याचे साथीदार. शर्यत संपली तेव्हा नऊ गाड्या एकाच फेरीत होत्या.

जुलैमध्ये ब्राझीलमधील साओ पाउलो झाले. तेथे टोयोटाची 8 क्रमांकाची गाडी जिंकली आणि त्याविषयी यापेक्षा अधिक सांगण्यासारखे फारसे नाही. टेक्सासमधील ऑस्टिन मात्र वेगळे होते. आघाडीची लढत सुरू असताना कोबायाशीच्या टोयोटाने धोक्याची सूचना देणाऱ्या पिवळ्या झेंड्याखाली पुरेसा वेग कमी केला नाही, म्हणून तिला पिट लेनमधून न थांबता जाण्याची शिक्षा झाली. न थांबताही वेळ जातोच. रॉबर्ट कुबिका, रॉबर्ट श्वार्ट्झमन आणि ये यिफेई यांची पिवळी 83 क्रमांकाची फेरारी दोन सेकंदांहून कमी अंतराने जिंकली. 2011 मध्ये एका रॅलीत उजवा हात जवळजवळ गमावलेला कुबिका व्यासपीठाच्या सर्वांत वरच्या पायरीवर उभा होता.

जपानमधील फुजीची शर्यत आपल्याकडे सकाळी साडेसातला सुरू होते, म्हणजे चहाबरोबर पाहता येते. टोयोटाच्या या अंगणात पोर्शेची 6 क्रमांकाची गाडी जिंकली आणि एस्त्र, आंद्रे लॉटरर व लॉरेन्स वांथोर यांचे चालकांचे अजिंक्यपद जवळजवळ निश्चित झाले.

(पडद्यावर: बहरीन. सूर्यास्त. वाळूवर लांबलेल्या सावल्या.)

2 नोव्हेंबरला बहरीनमध्ये आठ तासांची शेवटची शर्यत झाली. निर्मात्यांच्या, म्हणजे गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांच्या, अजिंक्यपदासाठी पोर्शे पुढे होती आणि टोयोटाला विजयावाचून पर्याय नव्हता. तिची एक गाडी इंधन पंपाच्या बिघाडाने बाद झाली; दुसरी, 8 क्रमांकाची, मधल्या तासांत बरीच मागे होती. बहरीनचे डांबर खरखरीत आहे, ते टायर खाऊन टाकते, आणि प्रत्येक गाडीला शर्यतीसाठी मोजकेच टायर मिळतात. टोयोटाने चांगले टायर शेवटासाठी राखून ठेवले होते. सेबास्टियन ब्युएमी त्यांच्यावर बाहेर पडला आणि एकेक गाडी मागे टाकत पहिला आला. दुसऱ्या क्रमांकाने रेषा ओलांडलेल्या फेरारीने नियमाहून अधिक टायर वापरल्याचे नंतर आढळले आणि तिला शिक्षा होऊन ती खूप खाली गेली.

लॉटरर, एस्त्र आणि वांथोर यांची गाडी त्या दिवशी पुढच्या रांगेच्या जवळपासही नव्हती, तरी चालकांचे अजिंक्यपद त्यांचेच झाले. निर्मात्यांचे अजिंक्यपद टोयोटाला मिळाले, पोर्शेपेक्षा दोन गुण अधिक मिळवून. सहा तासांच्या शर्यतीत नवव्या आलेल्या गाडीला मिळतात, तेवढेच दोन गुण.