मुरायला ठेवलेली वडी

(लाकडी फळ्यांवर ओळीने मांडलेल्या साबणाच्या वड्या. खिडकीतून आलेली उन्हाची तिरीप.)

या वड्यांना अजून हात लावायचा नाही. फळीच्या कडेला खडूने तारीख घातली आहे. त्या तारखेपासून सहा आठवडे भरेपर्यंत या अशाच बसून राहणार. ही खोली चालवणाऱ्या ताई म्हणतात, साबण मुरतोय. मुरतोय म्हणजे नेमकं काय होतंय, ते शेवटी बघू. तोवर न्हाणीघरात डोकावून येऊ.

(न्हाणीघर. कॅमेरा मांडणीवरून सावकाश सरकतो.)

मोजत चला. शांपू. कंडिशनर. अंग धुण्याचं जेल. हात धुण्याचं वेगळं, तोंड धुण्याचं त्याहून वेगळं. एकाच मांडणीवर सतरा वस्तू, आणि त्यातल्या अकरा प्लास्टिकच्या बाटल्यांत.

आता यातली कुठलीही बाटली उलटी करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. या यादीत ज्याचं प्रमाण जास्त, त्याचं नाव आधी येतं. आणि पहिलं नाव बहुतेक बाटल्यांवर एकच आहे. ॲक्वा. म्हणजे पाणी.

पाणी नळाला येतंच. तेच पाणी आधी कारखान्यात बाटलीत भरायचं, गाडीवर चढवायचं, शेकडो किलोमीटर फिरवायचं, घरी आणायचं आणि मग नळाखाली उभं राहून अंगावर ओतायचं. पाणी आहे म्हणून बाटली लागते. पाणी आहे म्हणून आतला माल नासू शकतो, आणि तो नासू नये म्हणून त्यात आणखी काहीतरी घालावं लागतं.

(टेबलावर पांढरा कागद. हातमोजे घातलेले हात पंप उघडतात.)

हा हात धुण्याच्या साबणाचा पंप. दाबायला इतका सोपा, की आत काय आहे याचा विचार मनात येत नाही. वरची टोपी एका प्लास्टिकची. खाली जाणारी नळी दुसऱ्या प्लास्टिकची. मध्ये पोलादी स्प्रिंग. आणि ही छोटीशी गोळी, जी वर उचललेला साबण परत खाली जाऊ देत नाही. हे सगळं वेगळं करायला आम्हाला पक्कड, चाकू आणि बारा मिनिटं लागली. भंगार वेगळं करणारा कुठलाही माणूस एका पंपासाठी बारा मिनिटं देणार नाही. म्हणून बाटलीचा पुनर्वापर झाला, तरी पंप बहुधा कचऱ्यातच जातो.

आणि हा पंप काही फार जुना नाही. द्रवसाबणाचं पेटंट १८६५ चं, पण शंभरहून अधिक वर्षं तो मुख्यतः सार्वजनिक जागांतच राहिला. घरोघरच्या बेसिनवर तो आला १९८० नंतर. अमेरिकेतल्या मिनेटोंका या छोट्या कंपनीने ‘सॉफ्टसोप’ बाजारात आणला तेव्हा. मोठ्या कंपन्या नक्कल करतील ही धास्ती होतीच. म्हणून कंपनीचे मालक रॉबर्ट टेलर यांनी पंप बनवणाऱ्यांकडचे कोट्यवधी पंप आधीच मागवून ठेवले. साबण कुणीही बनवू शकत होतं, पंप मात्र कुणाला मिळेना. धंद्याची चाल म्हणून दाद द्यावी अशीच. आपल्या हातातून वडी सुटली ती मात्र तेव्हापासून.

(पुन्हा साबणाची खोली. तराजू, स्टीलची पातेली.)

तर, वडी.

ताई सगळं वजनावर मोजतात. तेलसुद्धा, पाणीसुद्धा. मापाचा पेला इथे चालत नाही, कारण तेलाचा साबण करतो तो कॉस्टिक सोडा, एक जळजळीत क्षार, आणि प्रत्येक तेलाची त्याची भूक वेगळी असते. एक किलो खोबरेल तेलाचा पूर्ण साबण व्हायला साधारण १८३ ग्रॅम कॉस्टिक लागतं. ऑलिव्ह तेलाला तेवढ्याच वजनाला सुमारे १३५. कॉस्टिक जास्त पडलं तर साबण कातडी जाळेल, कमी पडलं तर तेल सुटं राहील. ताई ते मुद्दामच पाच टक्के कमी घालतात. थोडं तेल सुटं राहावं आणि हात कोरडे पडू नयेत म्हणून.

(काचेचं भांडं. पांढरे दाणे पाण्यात पडतात. वाफ.)

इथे चष्मा, हातमोजे, उघडी खिडकी. कॉस्टिक पाण्यात टाकायचं, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही. उलटं केलं तर मिश्रण उसळून अंगावर येतं. खाली शेगडी नाही, चूल नाही, तरी तापमापी बघा. चाळीस. साठ. ऐंशीच्या पुढे. नुसत्या विरघळण्याने इतकी उष्णता निघते. हे चित्रण बघून कुणी उत्साहाने घरी कामाला लागू नका. आधी शिकून घ्या.

आता थांबायचं. कॉस्टिकचं पाणी निवेपर्यंत तेलं कोमट करून घ्यायची. खोबरेल तेल वडीला कडकपणा देतं आणि भरपूर फेस. ऑलिव्ह तेलाने वडी सौम्य होते. एरंडेल तेल अगदी थोडं, फेस टिकावा म्हणून. प्रमाण ज्याचं त्याचं. ताईंची वही आम्हाला दुरूनच बघायला मिळाली.

(तेलात कॉस्टिकचं पाणी ओतलं जातं. रवी फिरते. रंग बदलतो.)

सुरुवातीला तेल आणि पाणी एकमेकांकडे ढुंकून बघत नाहीत. मग मिश्रण दुधाळ होतं. मग दाटतं. आणि मग हा क्षण: रवी उचलली, थेंब खाली पडला आणि त्याची रेघ वरच राहिली. याला ट्रेस म्हणतात. आता मागे फिरणं नाही. तेलाचे रेणू फुटू लागले आहेत. त्यातून साबण बनतोय आणि सोबत ग्लिसरीन. हे ग्लिसरीन ओलावा धरून ठेवतं. मोठ्या कारखान्यांत ते बरेचदा काढून वेगळं विकलं जातं, इथे ते वडीतच राहतं.

चरबी म्हणजे काय आणि तिचा साबण का होतो, हे रसायनशास्त्राला कळायला १८२३ साल उजाडावं लागलं. मिशेल शेव्रूल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने त्या वर्षी आपलं संशोधन पुस्तकरूपाने मांडलं. लोक मात्र त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून राखेचं पाणी आणि चरबी उकळून साबण करतच होते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. साबणाचा इतिहास साबणासारखा स्वच्छ नाही. १७९१ साली निकोला लब्लांने मिठापासून सोडा, म्हणजे साबणाला लागणारा क्षार, बनवण्याची रीत काढली आणि साबण स्वस्त व्हायची वाट मोकळी झाली. पण त्या कारखान्यांतून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू बाहेर पडायचा. आसपासची झाडं जळून जायची. ब्रिटनमध्ये ओरड इतकी वाढली, की १८६३ साली त्यासाठी खास कायदा करावा लागला: ९५ टक्के वायू अडवा, हवेत सोडू नका.

(मिश्रण साच्यात ओततात. वर कापड घालतात. काळोख. दुसरा दिवस.)

एक दिवस, कधी दोन. मग साचा उघडतो.

(तारेने कापलेली वडी. आवाज फक्त तारेचा.)

(हात धुणारी मुलं. वडी एका हातातून दुसऱ्या हातात.)

सगळ्यांनी एकच वडी वापरायची म्हणजे एकमेकांचे जंतू, ही शंका ताईंना आठवड्यातून एकदा तरी ऐकावी लागते. १९८८ साली याची परीक्षा झाली होती. वड्यांवर मुद्दाम जिवाणू लावले आणि १६ जणांना त्या वड्यांनी हात धुवायला सांगितलं. धुतलेल्या हातांवर ते जिवाणू मोजता येतील इतके सापडले नाहीत. संशोधक साबण उद्योगातलेच होते, हे लक्षात ठेवून ही माहिती घ्या. आणि वडी पाण्यात बसवू नका. ही भोकं पाडलेली लाकडी पाटी बघा. पाणी खाली गळून जातं आणि वडी कोरडी राहते. चिखल झालेली वडी निम्म्या दिवसांत संपते आणि दोष मात्र वडीला मिळतो.

(दोन पेले शेजारी शेजारी. दोन्हींत साबण घालून हलवतात.)

डावीकडे मऊ पाणी. उजवीकडे जड पाणी, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असलेलं. डावीकडे फेस. उजवीकडे हा पांढुरका साका. हाच साका केसांवर बसतो आणि केस राठ, चिकट लागतात. त्यामुळे अंगाची वडी डोक्यालाही चालेल असं समजू नका. केसांसाठी शांपूच्या वेगळ्या वड्या मिळतात. दिसायला साबणासारख्या, पण खऱ्या अर्थाने साबण नव्हेत. शांपूतले फेस देणारे घटकच पाणी न घालता दाबून त्यांची वडी केलेली असते. जड पाण्याशी त्यांचं बरं जमतं.

(दात घासण्याचे ब्रश. पक्कड एकेक झुपका ओढते.)

हा ब्रश बांबूचा. दुकानात ‘निसर्गात मिसळणारा’ म्हणून मिळाला. दांडा मिसळेल, खरं आहे. पण हे केस बघा. पक्कडीने ओढले की नायलॉनचा झुपका निघतो, आणि सोबत तो धरून ठेवणारी धातूची बारीक पट्टी. २४ फेब्रुवारी १९३८ रोजी नायलॉनच्या केसांचा पहिला ब्रश विक्रीला आला. त्याआधी डुकराचे राठ केस वापरत. नायलॉन आलं ते बरंच झालं. ते लवकर वाळतं आणि कुजत नाही. कुजत नाही हीच आता अडचण. दांडा मातीत पुरायचा असेल तर आधी डोकं कापा. केस बदलता येतात, दांडा तोच राहतो, असे ब्रशही असतात. आमच्या मते तोच मार्ग जास्त सरळ.

(धातूचा वस्तरा. दांडा फिरवतात, वरची दोन पाती फुलासारखी उघडतात.)

हे आम्हाला पुन:पुन्हा बघावंसं वाटलं, म्हणून दोनदा ठेवलं आहे. किंग कँप जिलेट यांना सुट्या पात्याच्या वस्तऱ्याचं पेटंट १९०४ साली मिळालं. पातं बदला, वस्तरा ठेवा. पुढे १९७५ साली बिक कंपनीने वस्तराच फेकून देण्याजोगा केला. इथे फेकायचं ते एवढंच: कागदासारखं पातळ, निव्वळ पोलादाचं पातं. वापरलेली पाती या झाकणाच्या डब्यात साठवायची, म्हणजे कचरा उचलणाऱ्याचा हात कापत नाही.

(काळ्या कापडावर गाळलेला चेहऱ्याचा स्क्रब. निळे ठिपके.)

हा स्क्रब जुना, मांडणीच्या मागे सापडलेला. हे ठिपके प्लास्टिकचे मणी आहेत. अमेरिकेने धुऊन टाकायच्या वस्तूंत ते वापरण्याविरुद्ध २०१५ साली कायदा केला, ब्रिटनने २०१८ साली बंदी आणली. यादीत पॉलिएथिलीन दिसलं तर बाटली परत ठेवा.

(दोन बरण्या. एकीत शौचालयाचा कागद, दुसरीत ओला पुसणा, म्हणजे वेट वाइप. दोन्ही ढवळतात.)

कागद वीस सेकंदांत विरला. पुसणा पाच मिनिटांनंतरही जसाच्या तसा. लंडनमधल्या व्हाइटचॅपल भागाच्या गटारात २०१७ साली अशाच पुसण्यांचा आणि गोठलेल्या चरबीचा २५० मीटर लांब, १३० टन वजनाचा गोळा सापडला होता.

(शॉवरखाली बादली. हातात घड्याळ.)

एका मिनिटात नऊ लिटर. आठ मिनिटांत ७२. हे पाणी वीस अंशांनी तापवायला सुमारे पावणेदोन युनिट वीज लागते. तेवढ्या विजेवर नऊ वॅटचा दिवा आठवडाभर अखंड जळेल. बाटली बनवण्यापेक्षा हे तापवणं महाग पडतं, हेही सांगायला हवं. शांपूच्या पूर्ण हिशेबात सगळ्यांत मोठा वाटा गरम पाण्याचाच निघतो. पाणी थोडं कमी तापवा, साबण लावताना नळ बंद ठेवा.

(पुन्हा फळ्या. ऊन आता दुसऱ्या बाजूने.)

सहा आठवडे झाले.

खडूची तीच तारीख. ताई एक वडी उचलतात, बोटाने दाबून बघतात, मग तराजूवर ठेवतात. कापली त्या दिवशीचं वजन वहीत आहे. आजचं त्याहून शंभराला दहा-बारा ग्रॅमने कमी. बाकी सगळं जागेवर आहे, फक्त पाणी गेलं. खिडकी उघडी होती, त्या वाटेने उडालं. मुरणं म्हणजे बरंचसं हेच. वडी कडक होते, हळू झिजते, जास्त दिवस पुरते.

(कागदात गुंडाळलेली वडी. कडेला हाताने लिहिलेली तारीख.)

वेष्टण एवढंच. आणि ही फळीच्या टोकाला वेगळी ठेवलेली ताईंची स्वतःची वडी. आधीची झिजून चपटी झाली की ती फेकायची नाही. दोन्ही ओल्या करायच्या, एकीवर एक दाबायच्या आणि रात्रभर ठेवून द्यायच्या.

(सकाळ. दोन रंगांची एकच वडी. नळ सुरू होतो.)