जिमखाना फी दोघांची सारखी, मग मॅट कोणाची?

(दृश्य: पावसात भिजलेलं कॉलेजचं ग्राउंड, लाल चिखल, मागे हॉलचा अर्धा उघडा दरवाजा)

कोकणात ऑगस्टमध्ये ग्राउंड असं काही उरतच नाही. जून ते सप्टेंबर नुसता लाल चिखल, कातळावर शेवाळ, आणि विद्यापीठाचे सामने तर पाऊस पुरता उघडायच्या आतच तोंडावर येतात, म्हणजे सराव करायचा तर हॉलमध्येच, आणि हॉल प्रत्येक कॉलेजात नसतो, जिथे असतो तिथे एकच असतो आणि त्यात मॅटही एकच. त्या एका मॅटवर चार ते सहा कोण खेळणार आणि सहानंतर कोण, हा प्रश्न दिसायला टाइमटेबलचा आहे पण खरं तर सगळी गोष्ट तिथेच ठरते.

आमच्या कॉलेजात चार ते सहा मुलं आणि सहानंतर मुली असं होतं. कागदावर दोघांना वेळ दिलेली. पण आमच्या कबड्डीच्या संघातल्या निम्म्या पोरी वाडीवरून यायच्या आणि त्यांची वस्तीची गाडी साडेपाचला स्टँडवरून सुटायची. ती चुकली की घरी जायला स्पेशल रिक्षा, तिचं भाडं द्यायचं कोणी, आणि रिक्षा मिळाली तरी रस्त्यापासून घरापर्यंतची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, अंधारात उतरायची, शिवाय घरातून फोनवर फोन. म्हणजे सहानंतरची वेळ मुलींना दिली म्हणजे काहीच दिलं नाही, फक्त दिलं असं लिहून ठेवलं. मी डावा कोपरा खेळायचे, माझं घर गावातच होतं म्हणून मी टिकले. माझ्याहून चांगली चढाई करणाऱ्या पोरी बसच्या टायमापायी सुटल्या, आणि त्यांच्या नावापुढे शेरा काय, तर सरावाला गैरहजर.

(दृश्य: फीची पावती, कॅमेरा हळूहळू एका ओळीवर)

आता पैशाकडे येऊ. कॉलेजच्या फीची पावती कधी नीट वाचलीय का? ट्यूशन फी, लायब्ररी, लॅब, आणि त्यातच एक ओळ असते जिमखाना. ही रक्कम मुलालाही तेवढीच आणि मुलीलाही तेवढीच. आणि कितीतरी वर्गांत आज मुली मुलांपेक्षा जास्त आहेत, आर्ट्सच्या वर्गात जाऊन बघा, म्हणजे जिमखान्याच्या पेटीत मुलींच्या घरून आलेला पैसा काही कमी नाही. पण त्या पेटीतून बाहेर पडताना तो कोणावर खर्च झाला याचा वेगळा हिशोब बहुतेक ठिकाणी कोणी मागतच नाही. प्रवेश फी, टीए-डीए म्हणजे प्रवासखर्च आणि भत्ता, किट, ट्रॅकसूट, नाश्ता, फर्स्ट एड, सगळं एका रकान्यात. मुली किती आणि मुलं किती हे त्यात दिसतच नाही, आणि जे दिसत नाही त्याबद्दल भांडणार तरी कसं.

किटचंच बघा. आमच्या वाट्याला जर्सी यायची ती मुलांच्या मापाची, बऱ्याचदा आदल्या वर्षीची. गळा एवढा मोठा की खाली वाकलं की दोन्ही हातांनी धरावा लागायचा, आणि कबड्डीत तर सगळा खेळच वाकून. पिन लावून भागत नाही, कारण सामन्याआधी पंच नखं बघतात, बांगड्या काढायला लावतात, पिन तर अजिबात चालत नाही आणि ते बरोबरच आहे, पकडीत कोणाच्या डोळ्याला लागली तर. मग आदल्या रात्री सगळ्या जणी सुईदोरा घेऊन बसायच्या. गळा आत दुमडायचा, खांद्यावर चिमटा घ्यायचा, दुहेरी टाके घालायचे कारण एकेरी टाका पहिल्याच पकडीला उसवतो. समोरचा संघ आदल्या रात्री बसून उद्याचे डाव ठरवत असेल आणि आम्ही गळे शिवतोय. ह्यात खूप मोठे पैसे गेले असते का? नाही. मापं कोणी विचारली नव्हती, एवढंच.

(दृश्य: एसटी स्टँड, फलाटावर बॅगा, सावंतवाडीची पाटी)

प्रवासाचा विषय तर कोकणात सगळ्यात मोठा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे मुंबई विद्यापीठात येतात, म्हणजे झोनमधून पुढे गेलं की थेट मुंबई, सावंतवाडीच्या पोरीला तर अख्ख्या रात्रीचा प्रवास करून सकाळी मॅटवर उभं राहायचं. खर्च होतो, मान्य आहे. पण एक हिशोब करून बघा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. कबड्डीचा संघ १२ जणींचा, ७ मॅटवर आणि ५ बाहेर. म्हणजे १२ मुलींचं एसटी भाडं हे ६ मुलांच्या भाड्याएवढं. मुलींचा संघ पाठवणं आज प्रवासापुरतं तरी निम्म्यात होतं, तरी बजेट कमी पडलं की आधी त्यांचंच नाव कटतं, आणि कारण पैशाचं नसलं तर सोबत जायला मॅडम नाहीत हे असतं. मुलींच्या संघाबरोबर बाईमाणूस हवं हे बरोबरच आहे, त्यावर वाद नाही. पण मग ती व्यवस्था कॉलेजनं करायची की नाही? मॅडम नाहीत म्हणून संघच नाही, हा उपाय झाला का?

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलते, नाहीतर लगेच कोणीतरी म्हणेल की सगळं अर्धं-अर्धं वाटायचं का. तसं कोणी म्हणत नाहीये. कबड्डीच्या नियमातच मुलांचं मैदान १३ बाय १० मीटर आहे आणि मुलींचं १२ बाय ८, तो खेळातला फरक आहे, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. कुठल्या खेळाला साहित्य जास्त लागतं, कुठल्या संघात माणसं जास्त, त्याप्रमाणे खर्च कमी-जास्त होणारच. प्रश्न एवढाच की जो फरक पडतो तो खेळामुळे पडतो की खेळणारी मुलगी आहे म्हणून.

आणि मग सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य. पोरी येतच नाहीत हो खेळायला.

(दृश्य: जुनी वर्तमानपत्रं, अमेरिकेचा नकाशा)

हेच वाक्य अमेरिकेत ५० वर्षांपूर्वी म्हटलं जायचं, आणि तिकडे त्याची परीक्षा झालीय म्हणून तिकडचं सांगते. १९७२ साली तिथे टायटल नाइन नावाचा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत स्त्री की पुरुष यावरून भेदभाव करता येणार नाही, एवढंच, मूळ वाक्य फक्त ३७ शब्दांचं आणि त्यात खेळाचा उल्लेखसुद्धा नाही. पण तो खेळालाही लागू झाला. त्याआधी १९७१-७२ मध्ये तिथल्या हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या मुली ३ लाखांच्या आत होत्या, आज ३० लाखांच्या वर आहेत. आता मला सांगा, एवढ्या सगळ्या मुलींना अचानक खेळाची आवड उत्पन्न झाली का? आवड होतीच, संघ नव्हते, वेळ नव्हती, कोच नव्हता.

कायदा झाला म्हणून तिकडे सगळं सुतासारखं सरळ झालं असंही नाही हां. २०२१ मध्ये कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा चालू होती, मुलांची इंडियानापोलिसला आणि मुलींची सॅन अँटोनियोला. सेडोना प्रिन्स नावाच्या खेळाडूनं मोबाईलवर एक छोटासा व्हिडिओ काढला. मुलांना अख्खी जिम सजवून दिलेली आणि मुलींना डंबेल्सचा एक स्टँड. आयोजक म्हणाले जागा नव्हती, तर तिनं कॅमेरा फिरवून रिकामी जागा दाखवली. लाखो लोकांनी तो व्हिडिओ बघितला आणि काही दिवसांत जिम उभी राहिली. कायद्याला तेव्हा जवळजवळ ५० वर्षं होत आलेली, तरी मोबाईल बाहेर काढावा लागलाच.

आणि पैसा. तिकडच्या कॉलेज खेळाडूंना इतकी वर्षं न दिलेल्या कमाईच्या बदल्यात सुमारे २८० कोटी डॉलर द्यायची तडजोड जून २०२५ मध्ये कोर्टानं मंजूर केली. त्यातला सुमारे ९० टक्के वाटा अमेरिकन फुटबॉल आणि मुलांच्या बास्केटबॉलकडे जाणार असं दिसल्यावर काही महिला खेळाडू लगेच अपिलात गेल्या. त्यावर उत्तर असं की बघणारे लोक मुलांचे खेळ बघतात म्हणून पैसा तिकडे. पण २०२४ मध्ये कॉलेज बास्केटबॉलची मुलींची फायनल १ कोटी ८० लाखांहून जास्त लोकांनी बघितली आणि मुलांची १ कोटी ४८ लाखांच्या आसपास, असं पहिल्यांदाच झालं. म्हणजे दाखवलं की लोक बघतात. न दाखवता बघत नाहीत म्हणणं बरोबर नाही.

(दृश्य: गावातल्या कबड्डीच्या मैदानावरचे हॅलोजन, माणसांची गर्दी)

आपल्याकडे वळू. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत कबड्डी हा काही नुसता खेळ नाही, मंडळामंडळाची इज्जत असते त्यात, चाकरमानी रजा टाकून येतात. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली आणि मुलांचं नशीब पालटलं, २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतला २ कोटी ६० लाखांवर बोली लागली. ज्या घरात कबड्डी म्हणजे हातपाय मोडून घेणं होतं तिथे आता मुलाला मॅटचे शूज घेऊन देतात. मुलींसाठी २०१६ मध्ये वुमेन्स कबड्डी चॅलेंज झालं, ३ संघ, एक सीझन, आणि पुढच्या वर्षी ते परत आलंच नाही. आणि त्याच मुलींनी देशासाठी काय आणलं? २०१० ला आशियाई स्पर्धेत महिला कबड्डी पहिल्यांदा आली तेव्हा गोल्ड, २०१४ ला गोल्ड, मधे २०१८ ला इराणनं हरवलं, मग चीनमधल्या हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत परत गोल्ड, तैवानच्या संघाला २६-२५ असं एका गुणानं हरवून, आणि ते त्या स्पर्धेतलं भारताचं शंभरावं पदक होतं. २०१२ ला पाटण्यात पहिला महिला वर्ल्ड कप झाला, तो जिंकणाऱ्या संघात दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के, अभिलाषा म्हात्रे ह्या आपल्या महाराष्ट्राच्या तिघी होत्या. खेळ कमी पडला म्हणून लीग टिकली नाही असं म्हणायला जागाच ठेवली नाही ह्या बायकांनी.

क्रिकेटमध्ये थोडं वेगळं झालं. ऑक्टोबर २०२२ मध्ये बीसीसीआयनं मॅच फी दोघांना सारखी केली, टेस्टला १५ लाख, वनडेला ६ आणि टी-ट्वेंटीला ३. मग २०२३ ला महिलांची लीग आली आणि पहिल्याच लिलावात सांगलीच्या स्मृती मानधनाला ३ कोटी ४० लाख मिळाले. वर्षाच्या करारात फरक अजून प्रचंड आहे, २०२४-२५ ला महिलांचा सगळ्यात वरचा ग्रेड ५० लाखांचा आणि पुरुषांचा ७ कोटींचा. पण दार उघडलं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत वर्ल्ड कप जिंकून दाखवला.

हे सगळं वरचं झालं. सावर्ड्याच्या नाहीतर कुडाळच्या कॉलेजातल्या मुलीपर्यंत ह्यातलं काय पोचतं? तिच्या गावात दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत टेनिस क्रिकेटच्या स्पर्धा, पत्रकावर पहिल्या नंबराला मोटरसायकल, बेस्ट बॅट्समनला काय, बेस्ट बॉलरला काय, आणि मुलींचा सामना ठेवलाच तर तो प्रदर्शनीय, बक्षीस म्हणून डब्यांचा सेट. नाइलाज म्हणून नाही, कोणाला सुचतच नाही म्हणून. गावाच्या मंडळाला तुम्ही जाब विचारू शकत नाही, त्यांची वर्गणी, त्यांची मर्जी. पण कॉलेजला विचारू शकता. तिथे तुमची फी गेलेली आहे.

(दृश्य: नोटीस बोर्ड, त्यावर नोटिसा आणि टाचण्या)

अमेरिकेतली एक गोष्ट मला टायटल नाइनपेक्षाही जास्त आवडते. १९९४ मध्ये तिथे आणखी एक कायदा झाला, त्याप्रमाणे कॉलेजांना दरवर्षी जाहीर करावं लागतं की मुलांचे खेळाडू किती, मुलींच्या किती, कोणाच्या संघावर किती खर्च, कोचला पगार किती. सगळं लोकांसमोर. भांडण पुढचं, आधी आकडा टेबलावर. आपल्याकडे कॉलेजच्या खेळासाठी असा खास कायदा मला सापडलेला नाही, पण माहितीचा अधिकार २००५ पासून आहे आणि अनुदानित कॉलेज सरकारच्या पैशावर चालतं म्हणून ते त्यात येतं.

तर करायचं काय ते सांगते. कॉलेजच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे साधा अर्ज, मराठीत चालतो, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच ठेवायचा आणि दीडशे शब्दांत बसवायचा, आपल्या राज्याचा नियम तसा आहे. का हवंय हे लिहायची गरज नाही. मागायचं एवढं की मागच्या तीन वर्षांत जिमखाना फी एकूण किती जमली, त्यातून मुलांच्या संघांवर किती आणि मुलींच्या संघांवर किती खर्च झाला, कोणते संघ कोणत्या स्पर्धेला गेले, टीए-डीए किती दिला, किट कधी आणि कोणासाठी घेतलं, आणि हॉलचं सरावाचं वेळापत्रक. वेगळा हिशोब ठेवलेला नाही असं उत्तर आलं तरी तो कागद जपून ठेवा, पुढच्या वर्षीपासून वेगळा ठेवा असं प्राचार्यांना लेखी सांगायला तोच कामाला येतो. एकट्या मुलीनं अर्ज करायला भीती वाटत असेल तर आईबाबांच्या नावानं करा, माजी विद्यार्थिनीनं करा, कोणीही नागरिक करू शकतो. उत्तर ३० दिवसांत यायला हवं, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला कॉलेजातच अपिलीय अधिकारी असतो.

मी माझा अर्ज दिलाय. नमुना आता स्क्रीनवर आहे, व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट काढून घ्या, कॉलेजचं नाव तेवढं बदला.