पाव पुरावा, अष्टमांश पुरावा

१३ ऑक्टोबर १७६१. फ्रान्समधलं तुलूज शहर. फिलातिए गल्लीतल्या एका घरात खाली झाँ कलासचं कापडाचं दुकान, वर बिऱ्हाड. रात्रीचं जेवण उरकलं. पाहुण्याला निरोप द्यायला धाकटा मुलगा दिवा घेऊन खाली उतरला, आणि किंचाळला. थोरला भाऊ मार्क-आंतवान दुकानात मेलेला होता.

घर प्रोटेस्टंट, शहर कॅथलिक. दारातल्या गर्दीतून आवाज आला: पोरगा धर्म बदलणार होता, बापानंच मारला! घरच्यांनी आधी खून झाल्याचं सांगितलं, मग गळफास होता हे कबूल केलं. आत्महत्या करणाऱ्याचं प्रेत तेव्हा रस्त्यातून फरफटत नेत. ती विटंबना टाळायला ते खोटं बोलले होते. आता त्यांचं खरंही कोण ऐकणार?

१३ न्यायाधीशांपैकी ८ जणांनी मृत्युदंड दिला. १० मार्च १७६२ला, साठी ओलांडलेल्या कलासची हाडं भर चौकात मोडली. निर्दोष आहे, हे तो शेवटपर्यंत म्हणत राहिला.

बातमी फेर्ने गावी लेखक व्हॉल्तेअरकडे पोचली. आधी त्यानं चक्क थट्टा केली. मग मात्र चैन पडेना. कलासच्या एका मुलाला बोलावून त्यानं खोदून खोदून विचारलं. प्रश्न साधे होते. धडधाकट तरुणाला म्हातारा एकटा कसा लटकवेल? घरच्यांनी हात लावला असेल, तर मृत्युदंड एकट्या बापालाच का? आणि घरातली मोलकरीण तर कॅथलिक!

सगळ्यात मोठी अडचण पुढेच होती. निकालाची कारणं सांगायला न्यायालय बांधीलच नव्हतं. आणि पुराव्याचा हिशेब? व्हॉल्तेअरनं त्याची पुढे टर उडवली: तुलूजमध्ये म्हणे पाव पुरावा, अष्टमांश पुरावाही चालतो. म्हणजे आठ अफवा जमल्या की पुरावा पूर्ण. ही कसली पावकी-निमकी!

त्यानं पत्रं लिहिली, दरबारातल्या ओळखी वापरल्या, १७६३ मध्ये सहिष्णुतेवर पुस्तक काढलं. ९ मार्च १७६५ला कलास निर्दोष ठरला. मेल्यावर तीन वर्षांनी. राजानं कुटुंबाला ३६,००० लिव्हर (तेव्हाचं फ्रेंच चलन) दिले.

दरम्यान इटलीत बेक्कारिया या विचारवंताचं गुन्हे आणि शिक्षा यांवरचं छोटं पुस्तक निघालं, १७६४ला, लेखकाचं नाव न छापता. छळ करून काढलेल्या कबुलीवर त्याचा नेमका सवाल होता: यातून खरं-खोटं कळतं, की फक्त कुणाचं अंग किती सोसतं ते? फ्रान्समध्ये कबुलीसाठीचा छळ १७८०ला बंद झाला. १७८७ला प्रोटेस्टंटांचे जन्म, लग्नं, मृत्यू सरकारदरबारी नोंदवता येऊ लागले.

फ्रेंच क्रांतीनंतर, ऑगस्ट १७९०च्या कायद्यानं न्यायाधीशांना बजावलं: निकालात कारणं लिहा.

चार वर्षंही झाली नव्हती. जून १७९४ मध्ये पॅरिसच्या क्रांतिकारी न्यायालयात त्याच क्रांतीनं आरोपीचा वकीलच काढून टाकला. साक्षीदारांवाचूनही अडत नव्हतं. ज्यूरीच्या मनाची खात्री पटली, की पुरे.