ताकद कशासाठी हवी आहे?

मित्रहो, उतारवयात अंगातले बळ ओसरते हे माणसाला पूर्वापार ठाऊक आहे, परंतु स्नायूंच्या या झिजेला वैद्यकात स्वतंत्र नाव मिळाले ते १९८९ साली. आयर्विन रोझेनबर्ग यांनी 'मांस' आणि 'उणीव' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून 'सार्कोपेनिया' (स्नायूक्षय) हा शब्द सुचवला. नावामागोमाग मोजमाप आले. आशियातील तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली ठरवलेल्या निकषांनुसार पुरुषाच्या हाताची पकड २८ किलोपेक्षा, स्त्रीची १८ किलोपेक्षा कमी भरली किंवा खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला १२ सेकंद वा अधिक लागले, तर स्नायूक्षयाची शंका घ्यावी. ही मोजमापे मी रोज करतो आणि ती हवीतच. मात्र 'माझी पकड चार किलोने वाढवून द्या' असे म्हणत आलेला रुग्ण मी अजून पाहिलेला नाही.

मग रुग्णाला हवे तरी काय असते? युरोपातील काही देशांमध्ये स्नायूक्षय झालेल्या वृद्धांपुढे दोन-दोन काल्पनिक उपचार ठेवून 'यांतला कोणता घ्याल?' असे वारंवार विचारण्यात आले. एका उपचाराने चालणे सुधारते पण थकवा तसाच राहतो, दुसऱ्याने पडण्याचा धोका घटतो पण घरकाम जमत नाही, अशा त्या जोड्या होत्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लोकांनी सर्वाधिक महत्त्व दिले ते हिंडण्याफिरण्याच्या क्षमतेला आणि त्याखालोखाल घरातली कामे स्वतः करता येण्याला.

एका आजींची गोष्ट सांगतो. सोबत आलेली मुलगी म्हणाली, "आईला पूर्वीसारखं फिरायला जाता आलं पाहिजे." मी आजींकडे वळून विचारले, "आजी, तुम्हांला काय वाटतं?" थोडा वेळ त्या गप्प राहिल्या आणि मग हळू आवाजात म्हणाल्या, "रात्री शौचाला बसल्यावर उठता येत नाही. हाक मारावी लागते. तेवढं मिटलं तर बास." त्या एका वाक्याने उपचाराची दिशा ठरली. खुर्चीच्या आसनावर उशा ठेवून उंची वाढवली; पावले मागे घेऊन, छाती पुढे झुकवून उठायचे आणि पाच आकडे मोजत सावकाश बसायचे. आपण उठण्याकडे लक्ष देतो, पण असे हळूहळू खाली येतानाही मांडीच्या पुढच्या स्नायूंचा कस लागतो. आजींच्या मांड्या थरथरत ते तिथेच. ते अंगवळणी पडले तशी एकेक उशी काढली, हात आधी मांड्यांवर आणि नंतर छातीशी घेतले.

रुग्णाची पसंती मानायची म्हणजे तो म्हणेल त्याला मान डोलवायची, असा अर्थ मात्र नाही. पुष्कळांची पहिली पसंती गोळीला असते, आणि ताकदीचे व्यायाम टाळून केवळ चालण्यावर भागवावे असेही अनेकांना वाटते. त्यांना स्पष्ट सांगावे लागते की सार्कोपेनियावर सर्वमान्य असे औषध आजमितीस नाही. बायमॅग्रुमॅब नावाच्या औषधाने स्नायूंचे वजन वाढले खरे, पण औषधाविना नुसते नीट पोषण आणि व्यायाम मिळालेल्या गटापेक्षा त्या लोकांची हालचाल काही अधिक सुधारली नाही; आणि रुग्णांना तर हालचालच हवी असते. नुसत्या चालण्याने हृदयाला लाभ होतो, पण खुर्चीतून उठण्याचे बळ त्याने फारसे वाढत नाही. याउलट १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नव्वदीच्या आसपासच्या दहा वृद्धांनी आठ आठवड्यांचा वजने वापरून पायांचा व्यायाम हाती घेतला, तेव्हा तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. प्रथिने वजनाच्या दर किलोमागे दिवसाला किमान १ ते १.२ ग्रॅम असावीत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास ते प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे. ही सगळी माहिती समोर ठेवल्यानंतर रुग्ण जे निवडतो, तीच मी त्याची खरी पसंती मानतो. माहिती न देता विचारलेल्या प्रश्नाला मिळालेले उत्तर बहुधा सवयीचे असते, किंवा भीतीचे.

भीतीचा अनुभव मला त्याच आजींनी दिला. जिन्याचा सराव करू या म्हटले, तर त्या ठाम नको म्हणाल्या. मुलीने आग्रह धरला. मी धरला नाही, पण कारण विचारले. त्या पूर्वी जिन्यावरून पडल्या होत्या आणि हे घरात कुणालाच ठाऊक नव्हते. तो नकार मी नोंदवहीत लिहिला आणि पुढची भेट ठरवून घेतली. तीन महिन्यांनी, पायांत बळ आल्यावर, तोच प्रश्न पुन्हा केला. आजी म्हणाल्या, "कठडा धरून बघू." दोन पायऱ्या चढून झाल्या, तिसरीवर पाऊल टेकवून त्या म्हणाल्या, "आज इतकंच," आणि आम्ही तिथूनच परत फिरलो.