करार नोंदवला का? बेळगावच्या ॲप्रेंटिस पोरांसाठी

नमस्कार मंडळी! खानापूरच्या एका ताईंनी कमेंटमध्ये विचारलंय, "उद्यमबागेत मालक म्हणतात माणूस मिळत नाही, आणि माझा आयटीआय झालेला पोरगा घरी बसलाय, हे कसं?" (उद्यमबाग म्हणजे आमच्या बेळगावची कारखान्यांची वसाहत.) असाच प्रश्न तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा आहे. म्हणून आज यावर बोलतो.

सुरुवातीचं तुम्हाला ठाऊकच आहे. आयटीआयत ट्रेड शिकायचा, मग कारखान्यात ॲप्रेंटिस, म्हणजे काम करत शिकणारा उमेदवार, राहायचं, स्टायपेंड, म्हणजे शिकतानाचा भत्ता, घ्यायचा, परीक्षा द्यायची. झालं.

पोरं अडकतात ती करारापाशी. कारखाना आणि तुमच्यात ॲप्रेंटिसशिपचा करार होतो, तो सरकारी पोर्टलवर नोंदवावा लागतो. नोंद नसेल तर तुम्ही कागदोपत्री ॲप्रेंटिस नाही.

माझंच सांगतो. मी इथल्या एका फाउंड्रीत, म्हणजे वितळलेला धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, दोन वर्षं काढली. मोल्डिंगच्या, म्हणजे वाळूचे साचे बनवायच्या, मिस्त्रींनी मला वाळू ओळखायला शिकवली. मुठीत दाबायची, मूठ उघडायची. गोळ्यावर बोटांचे ठसे स्वच्छ उठले आणि गोळा मोडताना कडा ढासळल्या नाहीत, तर वाळू बरोबर. पाणी जास्त झालं तर धातू ओतताना वाफ होते आणि कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या भागाला, ब्लोहोल (हवेची भोकं) पडतात. हे आजही डोळे मिटून सांगेन. पण कोल्हापूरला शिरोलीत नोकरी मागायला गेलो, त्यांनी सर्टिफिकेट मागितलं, आणि माझ्याकडे काहीच नव्हतं. करार नोंदवलाच नव्हता. दोन वर्षं मी हेल्पर होतो! त्याचं दुःख अजून आहे.

एकाने लिहिलंय, "आम्ही कर्नाटकातले, शिनोळीला महाराष्ट्रात जातो, आमचं काय?" अहो, रोज सकाळी वेंगुर्ला रोडवर किती दुचाक्या शिनोळी एमआयडीसीकडे जातात, बघा की. करार नोंदवून ट्रेड पूर्ण केलात आणि परीक्षा पास झालात की राष्ट्रीय सर्टिफिकेट मिळतं. ते बेळगावात चालतं, शिनोळीच्या चंदगड तालुक्यातही चालतं. सीमेवरच्या पोराला त्याची जास्त गरज आहे. म्हणून पुन्हा विचारतो, करार नोंदवला का?

आता मालकांशी बोलतो. "मी शिकवायचं आणि शेजाऱ्याने पळवायचं" ही तुमची तक्रार खरी आहे. पण १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्यात अनेक मालकांनी मिळून प्रशिक्षण द्यायची सोय आहे. एकाकडे मोल्डिंग, दुसऱ्याकडे मशीनिंग, तिसऱ्याकडे वाळू तपासायची चांगली लॅब. पोरगं तिन्हीकडे शिकेल, खर्च वाटला जाईल, आणि पळवापळवीचं कारणच उरणार नाही. तीसपेक्षा कमी माणसांच्या कारखान्यावर ॲप्रेंटिस घ्यायची सक्ती नाही, पण चार माणसं असली तरी घेता येतो. राष्ट्रीय ॲप्रेंटिसशिप योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के वाटा, महिन्याला १५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार देतं. तोही करार नोंदवला तरच!

कसबी माणूस हातचा जाणं बेळगावला नवं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये इथेच सायकलचं दुकान काढलं, पुढे जागा सोडावी लागली आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. कसबी माणूस आपण जाऊ देतो, हे मला फार लागतं.

तर ताई, पोराला उद्या कारखान्यात पाठवताना एकच विचारायला सांगा, "साहेब, माझा करार क्रमांक काय?" मिळाला तर कमेंटमध्ये "मिळाला" एवढंच लिहा, क्रमांक मात्र टाकू नका.